दोन गाठींचं बोचकं

आईला हाक मारली की उत्तर ठरलेलं असायचं, “एवढी फेरी होऊ दे.” फेरी म्हणजे गोधडीच्या चारी कडांनी सुईनं घातलेला एक वेढा. आमच्याकडे गोधडी कडेपासून सुरू होते आणि फेऱ्या मारत मारत मध्यावर येऊन संपते. त्यामुळे पहिल्या फेऱ्या लांबलचक असतात आणि शेवटच्या तळहाताएवढ्या. आई कधी उठणार हे ती कितव्या फेरीला आहे यावर ठरायचं. मी हे फार लहानपणी शिकले. भूक लागली की आधी पडवीत डोकावायचं. आई मध्याजवळ असेल तर थांबायचं, कडेला असेल तर मुकाट्यानं चुलीपाशी जाऊन सकाळची भाकरी शोधायची. आता साठी उलटून गेल्यावर कबूल करायला हरकत नाही, मला त्या गोधड्यांचा राग यायचा. घरात एक जास्तीचं माणूस येऊन बसावं आणि त्यानं आईचा हात धरून ठेवावा तसं वाटायचं. आणि ते माणूस कधी जायचंच नाही. एक गोधडी घडी होऊन गेली की दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी अंथरलेली असायची.

आमचं घर भाज्यात, लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेच्या खालच्या अंगाला. दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगवर होते. दिवसभर रुळाच्या कडेनं चालायचे आणि घरी आले की पाय घमेल्यातल्या पाण्यात सोडून गप्प बसायचे. आबा, म्हणजे दादांचे वडील, अंगावरून वारं गेल्यापासून पडवीतल्या बाजेवर पडून होते. त्यांची उजवी बाजू गेली होती, पण आवाज खणखणीत राहिला होता आणि तो सगळा आईच्या नावानं खर्ची पडायचा. “सखे, पानी. सखे, कूस बदल. सखे, ह्यो कावळा हाकल.” एक म्हैस, थोडी भातखाचरं, मी आणि आई. एवढा प्रपंच. आई उजाडायच्या आत उठून पाणी भरायची, धार काढायची, भाकऱ्या थापायची, आबांचं अंग पुसायची, दादांचा डबा बांधायची, शेण काढायची, आणि मग या सगळ्यातून उरलेल्या वेळात गोधडी. खरं तर उरायचं काहीच नाही. ती काहीतरी अर्धं सोडून गोधडीवर बसायची आणि गोधडी अर्धी सोडून दुसरं काहीतरी करायला उठायची. चुलीवर कालवण आणि मांडीवर गोधडी, त्यामुळे आमच्या कालवणाला करपल्याचा वास आणि गावच्या कित्येक गोधड्यांना फोडणीचा. मला त्या घराचा आवाज आठवतो तो एकच, कापडाच्या सहा-सात पदरांतून दोरा ओढला जातानाचा. सुर्र करून यायचा, थांबायचा, पुन्हा सुर्र. तो थांबला की आई उठली समजायचं आणि आबा लगेच हाक मारायचे, जणू त्यांनाही तेवढंच ऐकू यायचं.

गोधडी शिवायला देणाऱ्यानं कापड आपल्या घरचं आणायचं हा आईचा नियम. जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे फाटके सदरे, सगळं धुऊन वाळवून बोचकं बांधून आणायचं. एका घरचं कापड दुसऱ्या घरच्या गोधडीत तिनं कधी घातलं नाही. म्हणायची, “मान्सं मरत्यात, पर त्यांची ऊब लुगड्यात ऱ्हाती. ज्याची त्याला गेली पायजे.” आणि गोधडी संपताना, मध्यावर शेवटची तळहाताएवढी जागा उरली की भाकरीचा एक कुटका आत सारून वरून टाके घालायची. हा गोधडीचा घास. गोधडी उपाशी ठेवली तर पांघरणाऱ्याला झोप लागत नाही, असं तिची आई सांगायची. मला याचं हसू यायचं. गोधडीला घास आणि पोरीला शिळी भाकरी, असं मी एकदा बोलूनही दाखवलं होतं. आई फेरी अर्धी सोडून उठली आणि मला पिठलं घाटून दिलं. तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

बोचकी माळ्यावर असायची. ज्या बोचक्याला एक गाठ ते गावाचं, ज्याला दोन गाठी ते घरचं. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून ही तिची खूण. दोन गाठींचं बोचकं एकच होतं आणि कित्येक वर्षं ते तिथंच होतं. त्यात माझ्या धाकट्या बहिणीचे कपडे होते. सुली तीन वर्षांची होऊन गेली. मी तेव्हा सात वर्षांची. तिला ताप होता, तो आमच्याकडे सगळ्यांनाच यायचा. आई कुणाच्या तरी लग्नातली गोधडी पुरी करत होती आणि सुली तिच्या शेजारीच, त्याच गोधडीच्या एका टोकाला निजली होती. दुपारी ती कण्हली तेव्हा आई म्हणाली, “एवढी फेरी होऊ दे गं बाय, उचलते.” फेरी झाली, आईनं उचललं, तेव्हा पोर आखडत होती. दादा ड्युटीवर. आई तिला खांद्यावर टाकून मळवलीच्या डॉक्टरकडे पळाली, तिथून कुणीतरी टांग्यात घालून पुढे नेलं. मी आबांपाशी राहिले. संध्याकाळी आई परत आली तेव्हा तिचे हात मोकळे होते. एका फेरीनं काही फरक पडला असता का, हे मी नंतर एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “बहुतेक नाही.” हे ‘बहुतेक’ मी आईला कधी सांगितलं नाही.

सुलीच्या कपड्यांची एक गोधडी करायची, आणि ती मला द्यायची, असं आईच्या मनात होतं. “तुझ्या लग्नात देईन. तुमी दोघी एका अंथरुणात निजायच्या.” पण आज गावातल्या कुणाची, उद्या वडगावच्या कुणाची, मग लावणी, मग आबांचं दुखणं. ते भिजत घोंगडं वर्षानुवर्षं तसंच राहिलं. “ह्या दोन झाल्या की आपली घेते,” असं आई म्हणायची, आणि त्या दोन होईपर्यंत चार आलेल्या असायच्या. मला वाटायचं ती बोचक्याला हातच लावत नाही. पण ती लावत होती, हे मला फार उशिरा कळलं. कधी म्हैस पान्हवायची वाट बघताना, कधी आबांचा डोळा लागला असताना, ती सुलीचं एक झबलं काढून उसवायची, सपाट करायची आणि दुसऱ्याला जोडायची. आठ वर्षांत असे तुकडे जोडून जोडून तिनं अंगभर एक पदर तयार केला होता. स्वतःसाठी म्हणून तिनं केलेलं तेवढंच काम. घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

मी दहावीत गेले त्या वर्षी लोणावळ्याच्या बाई आल्या. त्या मूळच्या मुंबईच्या, तुंगार्लीला त्यांचा बंगला. लेणी बघायला आल्या होत्या, आमच्या पडवीत अंथरलेली गोधडी त्यांनी बघितली आणि चपला काढून चक्क तिच्यावर बसल्या. त्यांची मुलगी बाळंतपणाला येणार होती, सासरची माणसं राहायला येणार होती. त्यांना बारा गोधड्या हव्या होत्या, सगळ्या एकसारख्या, दिवाळीच्या आधी. वरचं आणि खालचं कापड त्या देणार, कोरं, पांढऱ्यावर निळी वेल. आईनं घासाचंही त्यांना सांगितलं. “आत काय घालायचं ते तुम्ही घाला, सखुबाई. स्वच्छ आणि मऊ असलं की झालं. आतलं कोण बघतंय? फक्त ते भाकरी-बिकरी नको हं, मुंग्या होतील.” आईचा चेहरा मला आठवतो. कुणाचं कापड कुणाच्या अंगावर जाणार, आणि घासही नाही. पण घराची कौलं फुटली होती आणि दादांनी मान डोलावली होती. आईनं बोहारणीकडून जुनी लुगडी घेतली, त्यांची बोचकी बांधली, एकेक गाठ मारली आणि कामाला लागली.

गणपती झाल्यावरही त्या वर्षी पाऊस हटला नाही. आठ गोधड्या झाल्या असतील, तेव्हा आंदर मावळातून निरोप आला की मामा गेला. आईचा एकुलता एक भाऊ. आई होती तशी निघाली. तिकडे एसटी एकच, तीही अर्ध्या वाटेपर्यंत, पुढे चालत. दहावं करूनच परत येणार होती. जाताना उंबऱ्यात उभी राहून मला म्हणाली, “इंदे, आबांचं बघ. दादाला येळंवर जेवाय घाल. आन् जमलं तर चार राहिल्यात त्यांचे पदर लावून कच्चे टाके घालून ठेव. बोचक्यातलं घे. एका गाठीचं.” मी म्हटलं, “माहितीये मला.” तेवढ्यात चिडले होते मी, कारण माझी सहामाही तोंडावर होती आणि घर माझ्या गळ्यात पडलं होतं. तिचा भाऊ मेला होता आणि मला माझ्या भूमितीचं पडलं होतं. पंधरा वर्षांची पोर अशीच असते म्हणून मी स्वतःला सोडून देते, पण नेहमी जमत नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी माळा गळला. बोचकी ओली झाली. आतपर्यंत पाणी गेलं नव्हतं, पण वरची फडकी भिजली होती. मी सगळी खाली घेतली, ओली फडकी सोडून चुलीवरच्या दांडीवर टाकली आणि आतल्या घड्या न मोडता कोरड्या फडक्यांत बांधायला लागले. घरचं बोचकं कुठलं हे मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं. ते बांधताना पहिली गाठ मारली आणि आबांनी हाक मारली. त्यांना परसाकडं जायचं होतं, म्हणजे भांडं द्यायचं, धरायचं, धुवायचं. ते उरकून आले तर म्हैस ओरडत होती. ती उरकून आले तर दादा भिजून आले होते. बोचकी मी तशीच उचलून माळ्यावर टाकली. दुसरी गाठ राहिली. आईच्या साऱ्या खुणांत तेवढी एकच खूण मला जपायची होती.

पुढचे आठ दिवस मी आई झाले होते. सकाळी भाकऱ्या करपायच्या, दुपारी आबा रागावायचे, आणि या सगळ्यातून वेळ चोरून मी पडवीत बाईंचं निळ्या वेलीचं कापड पसरायचे, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे आणि एका गाठीच्या बोचक्यातून पदर काढून त्यावर लावायचे. एक बोचकं सोडलं तर आत जुन्या पंच्यात गुंडाळलेला, तुकडे जोडून केलेला अख्खा पदर निघाला. मला तो अजून दिसतो. रंगीबेरंगी, मऊ, सगळे तुकडे इवलेसे. मला वाटलं, बोहारणीच्या मालातलं कुणीतरी अर्धं सोडलेलं काम असेल. मी खूश झाले. बरं झालं, म्हटलं, जोडलेलंच मिळालं, माझे दोन तास वाचले. त्या दोन तासांत मी भूमिती केली. आणि पदर वर-खाली झाकून, दगड सरकवून, पुढच्या गोधडीला लागले.

आई परतली ती चेहरा ओढलेला, पायांना चिखल. आल्या आल्या तिनं चार गोधड्या बघितल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “लय केलंस गं माझे बाय,” म्हणाली. तिनं मला शाबासकी दिलेले प्रसंग मी बोटांवर मोजू शकते, त्यातला हा एक, आणि तो कशासाठी होता ते बघा. मग आम्ही दोघींनी मिळून फेऱ्या घातल्या. ती एका कडेनं, मी दुसऱ्या कडेनं. ती मधूनच थांबून डोळे पुसायची, भावासाठी. तिची सुई त्या झबल्यांमधून आरपार जात येत होती आणि तिला कळत नव्हतं. डोळे मिटून कापड ओळखणारी बाई, हात लावून हे लुगडं कुणाच्या सासूचं हे सांगणारी. पण घाई आणि दुःख दोन्ही एकदम अंगावर आल्यावर हात तरी काय करणार. दिवाळीच्या दहा दिवस आधी बाईंची गाडी आली आणि बारा गोधड्या घेऊन गेली.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी घर सारवून झालं, आबा जेवून झोपले, आणि आई हात पुसत म्हणाली, “इंदे, ते बोचकं काढ. आता आपली घेऊ.” मी माळ्यावर चढले. दोन गाठींचं बोचकं नव्हतं. मी खाली बघून म्हटलं, “न्हाई हितं.” ती म्हणाली, “बघ नीट, कुटं जातंय.” मी नीट बघितलं. एक गाठ, एक गाठ, एक गाठ. आणि मग मला ती आबांची हाक आठवली, ते भांडं आठवलं, तो इवल्या तुकड्यांचा पदर आठवला. मी खाली उतरले आणि सगळं सांगितलं. आई मला मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. ती चुलीच्या भिंतीला टेकून खाली बसली. तिनं आपले हात उलटसुलट करून बघितले. मग इतकंच म्हणाली, “कुठल्या गोधडीत?” मला आठवेना. “चारातल्या कुठल्या तरी.” आणि चारही आता बारांत मिसळल्या होत्या, वरून खालून सगळ्या निळ्या वेलीच्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लोणावळ्याला गेलो. आईनं जाताना फडक्यात दोन भाकऱ्या आणि चटणी बांधून घेतली. स्टेशनवरून तुंगार्लीपर्यंत ती माझ्या पुढे चालत होती आणि एकदाही मागे वळली नाही. मी वाटेत विचारलं, “बाईंना काय सांगायचं?” त्यावर मात्र ती थांबली. “खरं सांगायचं न्हाई. तिची लेक भरल्या दिवसांची हाय. मेलेल्या पोरीचं कापड तुमच्या घरात हाय असं कोन सांगंल तिला?” मी हा विचार केलाच नव्हता. आपलं काय गेलं एवढंच मी बघत होते.

बाई भल्या होत्या, उगाच वाईट बोलणार नाही. आई म्हणाली, “बाई, एका गोधडीत सुई ऱ्हायलीय असं वाटतंय. हात फिरवून बघू द्या.” बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी लगेच बाराही गोधड्या व्हरांड्यात आणून टाकायला लावल्या आणि म्हणाल्या, “अहो, असं कसं करता तुम्ही? लहान बाळ येणारेय घरात.” आई खाली मान घालून “व्हय, चुकलं” म्हणाली. मग ती फरशीवर बसली आणि एकेक गोधडी मांडीवर घेऊन तिच्यावरून तळवा फिरवायला लागली, कडेपासून, फेरीफेरीनं, मध्यापर्यंत. मी समोर बसून तिचा चेहरा वाचत होते. पहिली झाली, तिसरी झाली, सहावी झाली. चेहऱ्यावर काही नाही. आठवी घेतल्यावर तिनं मला तांब्या देऊन नळावर पाणी आणायला पाठवलं. मी पाणी घेऊन आले तेव्हा ती त्या गोधडीच्या मध्यावर दोन टाके घालत होती. पोलक्याला दोऱ्यासकट सुई टोचलेली तिची नेहमीच असायची. “टाका सुटलाता,” म्हणाली. मग नववी, दहावी, अकरावी, बारावी. सगळ्या घड्या करून तिनं नीट रचून ठेवल्या. उभी राहून बाईंना म्हणाली, “सुई न्हाई. माझाच भास.” बाई म्हणाल्या, “पुढच्या वेळी सांभाळून.” पुढची वेळ अर्थातच आली नाही. सुई विसरणाऱ्या बाईला कोण काम देतं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, “न्हाई सापडलं?” ती म्हणाली, “न्हाई. कळंना मला.” आम्ही स्टेशनवरच्या बाकावर बसून भाकरी खाल्ली. एका भाकरीचा तुकडा मोडलेला होता, तो तिनं वाटेत खाल्ला असेल असं मी समजले. मला त्या क्षणी जे वाटलं ते मी आयुष्यभर वागवलं. सुली तर मी हरवलीच, पण आईचे हातही मीच हरवले. तिला कापड कळेनासं झालं ते माझ्यामुळे, असं मी धरून चालले. आई गोधड्या शिवत राहिली, न शिवून सांगते कुणाला. पण दोन गाठींचं बोचकं तिनं पुन्हा कधी बांधलं नाही. माझ्या लग्नात मला दुकानातली रजई मिळाली. मी ती अंगावर घेतली की मला थंडी वाजायची, आणि हे मी कुणालाच सांगू शकले नाही, नवऱ्यालाही नाही.

पुढे मी तळेगावात शिवणाचा क्लास चालवला, पंचवीसेक वर्षं. पोरींना काजं-बटणं शिकवली, ब्लाउजाचं कटिंग शिकवलं. गोधडी शिकवायला कुणी सांगितलं की मी मशीनकडे बोट दाखवायचे. हल्ली लेण्यांच्या वाटेवर शनिवार-रविवारी दोरीवर गोधड्या टांगलेल्या असतात आणि पुण्याची पोरं त्यांच्यासमोर उभी राहून फोटो काढतात. त्यातली एकही आतून कुणाची नसते. कारखान्यातल्या चिंध्या असतात त्यात. एका परीनं बरंच आहे ते.

शेवटची चार वर्षं आई माझ्याकडे होती. डोळे गेले होते, हात मात्र सारखे चालायचे. जी चादर पांघरू तिच्या कडेवरून बोटं फिरवत बसायची. एका सकाळी मी तिला गॅलरीत उन्हाला बसवलं होतं, पायांवर माझी जुनी शाल टाकली होती. ती शालीवर तळवा फिरवत एकाएकी म्हणाली, “हिचा गळा न्हाई.” मी म्हटलं, “शालीला कुठं गळा असतो, आई?” तर म्हणाली, “सुलीच्या झबल्याचा. मी समदं उसवलं, पर एका झबल्याचा गळा न्हवता उसवला. मन हुईना. तसाच जोडला हुता. हाताला लागला लगेच.”

मी हातातला कप खाली ठेवला. “कुठं लागला?”

“बंगल्यात. आठवी हुती.”

मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, “तू तर म्हणालीस, कळलं नाही. मी चाळीस वर्षं—” पुढं रडूच फुटलं. मग विचारलं, “सापडली होती, तर आणली का नाहीस? सुई दिसली म्हणून उसवायचं निमित्त होतं की तुझ्याकडे.”

आईनं शालीची कड नीट केली. तिला माझ्या रडण्याचं काही विशेष वाटलं नाही, किंवा ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. अगदी साध्या आवाजात, बाजाराला जाऊन आलेलं सांगावं तसं बोलली.

“आनून कुटं ठेवनार हुते गं? घरी आनलं असतं तर परत माळ्यावरच गेलं असतं. मला कवा सवड मिळनार हुती? आठ वरीस न्हाई मिळाली. तितं निदान गोधडी तरी झाली तिची. घास तेवढा ऱ्हायलाता, तो घातला मी.”

तू खोटं बोलतेयस, वेळ मिळाला असता, मी मदत केली असती, असं काहीतरी म्हणायला मी तोंड उघडलं. पण आमचं घर माझ्या डोळ्यांसमोर होतं, आबांची हाक, म्हैस, खाचरं, माझी भूमिती. मला खोटं ठरवता आलं नाही तिला.

आई गेली त्याला आता तीन पावसाळे झाले. तिची लुगडी मी धुऊन, वाळवून, एका बोचक्यात बांधून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली आहेत. दोन गाठी मारल्या आहेत, ओढून बघितल्या आहेत. त्यांची गोधडी करायची आहे. सध्या सून कामावर जाते, नातवाला शाळेत सोडावं-आणावं लागतं, मधे ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि हे लिहायचं काढलंय. एवढं झालं की घेते.